ऋण, क्षमा आणि पश्चात्ताप : ख्रिस्ती जीवनातील तीन संकल्पनांचा मराठी संदर्भात विचार

प्रस्तावना

जामनेर तालुक्यातील शेतीचे वर्ष बहुधा कर्जाने सुरू होते. पेरणीपूर्वी सोसायटीचे पीककर्ज, सातबाऱ्यावर चढणारा बँकेचा बोजा, बियाणे-खतांच्या दुकानातील उधारी आणि कर्ज फिटल्यावर मिळणारा बेबाकी दाखला हे शब्द कापूस आणि केळी पिकवणाऱ्या या भागातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरात रोजचे आहेत. ख्रिस्ती धर्मातील क्षमेची संकल्पना समजावून घेण्यास हा शब्दसंग्रह अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेसाठी जी प्रतिमा आली आहे, ती यज्ञवेदीवरील नसून हिशेबाच्या वहीतील आहे. ती प्रतिमा म्हणजे ऋण.

खानदेशात ख्रिस्ती समाज संख्येने अल्प असला तरी त्याला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. भुसावळ-जळगाव परिसरात अलायन्स मिशनचे, तर पश्चिम खानदेशातील आदिवासी पट्ट्यात स्कँडिनेव्हियन पार्श्वभूमीच्या मिशनांचे कार्य झाले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील रुग्णालय त्या कार्याची आजही साक्ष देते. तथापि येथील बहुसंख्य अध्यापक व विद्यार्थी यांचा ख्रिस्ती विचाराशी परिचय होतो तो मुख्यतः मराठी साहित्यातून, म्हणजे पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या द्वारे. या वाचनात दोन गैरसमज वारंवार आढळतात. पहिला असा की, ख्रिस्ती मनुष्याने पापाची कबुली दिली की त्याचे पाप धुतले जाते, म्हणून हा धर्म पापाला सवलत देतो. दुसरा असा की, ख्रिस्ती मनुष्याने कोणत्याही अन्यायाला निमूटपणे क्षमा केलीच पाहिजे, म्हणून हा धर्म अन्यायाला सवलत देतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती तपासून क्षमा, पश्चात्ताप आणि न्याय यांचा ख्रिस्ती विचारातील परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांचा प्रश्न

मराठीत या विषयाची चर्चा करताना चार शब्द समोर येतात : पश्चात्ताप, अनुताप, प्रायश्चित्त आणि क्षमा. पश्चात्ताप या शब्दाची घडण ‘नंतर होणारा ताप’ अशी आहे. त्याची दृष्टी मागे, घडून गेलेल्या कृत्याकडे आहे. वारकरी संतांच्या वाणीतील अनुताप हा शब्दही याच कुळातला आहे. बायबलच्या जुन्या करारातील मूळ हिब्रू क्रियापद ‘शूव’ याचा अर्थ मात्र ‘परत फिरणे’ असा आहे. वाट चुकलेला प्रवासी ज्याप्रमाणे चूक लक्षात येताच मागे वळतो, त्याप्रमाणे. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ याचा अर्थ मनाचे परिवर्तन, विचाराची दिशा बदलणे असा होतो. म्हणजे ज्या शब्दांसाठी मराठी बायबलमध्ये पश्चात्ताप हा शब्द रूढ झाला, त्या मूळ शब्दांत ताप गौण आहे आणि वळणे मुख्य आहे.

नव्या करारात हा भेद एका ठिकाणी फार स्पष्ट होतो. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला नंतर अतिशय दुःख झाले आणि त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली. तेथे मत्तयाने मेटानोइयापासून बनलेले क्रियापद न वापरता ‘खेद वाटणे’ या अर्थाचे वेगळे क्रियापद वापरले आहे. पेत्रानेही येशूला तीनदा नाकारले आणि तोही रडला. परंतु पेत्र पुढे आपल्या गुरूकडे व बंधूंकडे परतला. यहूदा आपल्या दुःखातच संपला. दोघांच्याही ठायी ताप होता, वळणे मात्र एकाच्याच वाट्याला आले.

शब्दाच्या अनुवादातून किती दूरगामी परिणाम होतात याचे उदाहरण युरोपच्या इतिहासातही सापडते. लॅटिन बायबलमध्ये ‘मेटानोइया’च्या आज्ञेचे भाषांतर ‘प्रायश्चित्त करा’ असा अर्थ निघेल अशा शब्दांत झाले होते. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार प्रसिद्ध केल्यानंतर हा अर्थभेद विद्वानांपुढे ठळकपणे आला. पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेये मांडली. त्यांतील पहिल्याच प्रमेयाचा आशय असा होता की, श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्य हेच पश्चात्तापाचे आयुष्य असावे. एका शब्दाचा अर्थ ‘ठरावीक विधी’ असा घ्यावयाचा की ‘आयुष्याची दिशा’ असा, हा त्या वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांपैकी एक होता.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर हाती घेतले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्दांमुळे सामान्य स्त्रियांना अर्थ कळत नाही आणि अन्य दर्शनांतील कल्पना त्यात नकळत मिसळतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांचा हा आग्रह केवळ सुबोधतेसाठी नव्हता. धर्मजीवनातील एखादी कल्पना कोणत्या शब्दातून पोहोचते यावर तिचे आचरण अवलंबून असते, याची त्यांना जाणीव होती.

ऋणाची प्रतिमा

येशूच्या काळी पॅलेस्टाइनमध्ये बोलल्या जाणाऱ्या अरामी भाषेत पाप आणि कर्ज यांसाठी एकच शब्द होता. त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत ऋण सोडण्याची, तर लूकच्या शुभवर्तमानात पापांच्या क्षमेची याचना आली आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत ऋण हाच शब्द कायम राहिला. दर रविवारी उपासक देवाकडे ऋणमुक्ती मागतो आणि त्याच दमात आपणही आपल्या ऋणकोला सोडले असल्याचे सांगतो.

या प्रतिमेचा विस्तार मत्तयाच्या १८व्या अध्यायातील दाखल्यात आहे. राजाचा एक सेवक दहा हजार तालांत देणे लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केल्यास हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. ते कोणत्याही एका आयुष्यात फिटणारे नाही, हेच या आकड्याचे प्रयोजन आहे. सेवक केवळ मुदत मागतो, राजा मात्र संपूर्ण कर्ज सोडतो. बाहेर पडताच हाच सेवक शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. ते कळताच राजा आपली क्षमा मागे घेतो. मिळालेली क्षमा पुढे वाहिली नाही तर ती टिकत नाही, असा या दाखल्याचा आशय आहे.

कर्ज सोडले जाते तेव्हा ते नाहीसे होत नाही, त्याचा तोटा कोणीतरी सोसतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना २००८ ची केंद्र सरकारची व २०१७ ची राज्य सरकारची कर्जमाफी स्मरणात आहे. सातबाऱ्यावरील बोजा उतरला, परंतु बँकांची रक्कम शासनाच्या तिजोरीतून, म्हणजे अंतिमतः समाजाच्या खिशातून भरली गेली. संस्कृत क्षमा या शब्दात हा अर्थ आधीपासूनच आहे. ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे असा असून, सर्व भार वाहणाऱ्या पृथ्वीलाही क्षमा म्हटले जाते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मानवाच्या ऋणाचा तोटा देवाने क्रुसावर स्वतः सोसला. तो कसा सोसला याविषयी ख्रिस्ती धर्मशास्त्रात अनेक सिद्धान्त आहेत आणि त्यांत मतभेदही आहेत. परंतु क्षमा फुकट मिळत असली तरी ती स्वस्त नाही, याविषयी एकमत आहे. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोन्हॉफर याने १९३७ मध्ये नाझी राजवटीच्या काळात लिहिलेल्या ग्रंथात पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली. पहिल्या गैरसमजाचे उत्तर येथे मिळते. पापाला सवलत देणारी क्षमा ही ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीनेच विकृती आहे.

पश्चात्ताप : मोल की मार्ग?

यापुढचा प्रश्न असा की, पश्चात्ताप ही क्षमेची किंमत आहे काय? लूकच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात याचे उत्तर आहे. वाटणी घेऊन परदेशी गेलेला आणि सर्व उधळून बसलेला मुलगा घरी परतताना बापाला काय सांगायचे याची तयारी करतो. आपल्याला मुलगा न मानता मजूर म्हणून ठेवावे, असे त्याला म्हणायचे असते. म्हणजे श्रम करून देणे फेडण्याची त्याची तयारी आहे. परंतु बाप त्याला दुरूनच पाहून धावत जातो आणि मजुरीचा प्रस्ताव मांडण्यापूर्वीच त्याला पुत्राचे स्थान परत देतो. येथे परतणे आवश्यक आहे, कारण मुलगा दूरदेशीच राहिला असता तर बापाची क्षमा त्याच्यापर्यंत पोहोचली नसती. तथापि परतणे ही किंमत नाही. तो केवळ मार्ग आहे.

याच शुभवर्तमानातील जक्कय या जकातदाराची कथा दुसरी बाजू दाखवते. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. येथे भरपाई ही क्षमा विकत घेण्यासाठी केलेली नाही, ती स्वीकाराच्या अनुभवातून आली आहे. तथापि भरपाई टळलेलीही नाही. लुबाडलेला पैसा लुबाडलेल्यांकडेच परत गेला पाहिजे. मत्तयाच्या ५व्या अध्यायात तर वेदीजवळ अर्पण आणलेल्या माणसाने आपल्याविरुद्ध बंधूची तक्रार आहे हे आठवताच अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे सांगितले आहे. देवाशी संबंध सुधारण्याची वाट दुखावलेल्या माणसाच्या दारावरून जाते.

प्रायश्चित्त आणि मराठी समाज

कॅथलिक परंपरेत पश्चात्तापाला संस्काराचे रूप मिळाले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापांची कबुली देणे बंधनकारक केले. अंतःकरणातील खेद, कबुली आणि भरपाईची कृती ही या संस्कारातील पापी व्यक्तीची तीन अंगे मानली जातात. कोकणी भाषक ख्रिस्ती लोक या कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात पाप, पतन आणि तारण यांची संपूर्ण कथा मराठी ओवीत आणली, तेव्हा पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे या कल्पना प्रथमच मराठी ग्रंथरूपात एवढ्या विस्ताराने आल्या. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी संस्काराचे हे रूप स्वीकारले नाही. तेथे सामुदायिक पापांगीकार आणि प्रभुभोजनापूर्वीचे आत्मपरीक्षण यांवर भर राहिला.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात प्रायश्चित्त या शब्दाला एक वेगळाच सामाजिक भार होता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी होती. नावे प्रसिद्ध होताच मोठे ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे हे पाप आहे असे त्यांना वाटत नव्हते, परंतु आपल्यामुळे आप्तेष्टांना त्रास होऊ नये ही त्यांची भूमिका होती. सुधारकांनी त्यांच्यावर याबद्दल टीकाही केली. या प्रसंगात प्रायश्चित्ताने जातीतील स्थान पूर्ववत केले, पण अंतःकरणातील परिवर्तनाचा तेथे प्रश्नच नव्हता.

यावरून हिंदू परंपरेत केवळ बाह्य विधी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत पापाची कबुली आणि अनुताप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संतपरंपरेत तर अनुतापाला विधीहून श्रेष्ठ स्थान आहे. उलट पापक्षमापत्रांच्या विक्रीच्या काळात ख्रिस्ती चर्चचा व्यवहारही विधीच्या आहारी गेला होता. अंतरंग आणि विधी यांतील ताण हा कोणत्याही एका धर्माचा नाही.

दोन मराठी उदाहरणे

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या मध्यास घडलेले धार्मिक पुनरुज्जीवन हे सामूहिक पश्चात्तापाचे मराठी भूमीवरील प्रसिद्ध उदाहरण आहे. १९०४ मध्ये वेल्समध्ये झालेल्या पुनरुज्जीवनाच्या वार्तेनंतर येथे नियमित प्रार्थना सुरू झाल्या होत्या. जून महिन्याच्या अखेरीस मुली व स्त्रिया रडत आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. यांतील अनेक जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या, अनाथ किंवा टाकून दिलेल्या होत्या. जगाने ज्यांच्यावर अन्याय केला त्यांनीच पापाची कबुली द्यावी, हे आजच्या वाचकाला खटकू शकते. तो आक्षेप हलका नाही. परंतु या घटनेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. ज्या समाजाने विधवेच्या दुर्भाग्यालाच तिचे पाप मानले, त्या समाजात या स्त्रियांना आपल्या दैवाची नव्हे, तर आपल्या कृतीची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्ती म्हणून स्थान मिळाले. वैधव्य हे पाप नाही, असत्य व द्वेष हे पाप आहे, हा भेद त्यांच्या दृष्टीने मुक्तिदायक होता.

दुसरे उदाहरण घरातले आहे. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता उचललेल्या या पावलाने त्यांचा संसार मोडला. पतीपासून दुरावलेल्या स्त्रीच्या वाट्याला येणारी सर्व मानहानी त्यांनी सोसली. पुढे त्या पतीजवळ राहू लागल्या, तेव्हाही आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. जातिभेदाविषयीचे त्यांचे विचार त्यांच्याच मननातून बदलले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा शीघ्रकोप, त्यांचा अव्यवहारीपणा आणि रागानंतरचे त्यांचे विरघळणे यांचे चित्रण केले आहे.

या ग्रंथाचे वाचन सामान्यतः पतिनिष्ठेची किंवा विनोदाची कथा म्हणून होते. क्षमेच्या दृष्टीने पाहता त्यातून वेगळीच गोष्ट समोर येते. लक्ष्मीबाईंनी झालेला अन्याय लपवला नाही, तो नावानिशी लिहून ठेवला. तरीही त्या लेखनात सूड नाही. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, याचे यापेक्षा चांगले मराठी उदाहरण क्वचितच सापडेल. वहीतील नोंद शाबूत आहे, वसुली मात्र सोडून दिली आहे. आणि हा समेट एका दिवसात झाला नाही. त्याला पाच वर्षे लागली, आणि त्या काळात लक्ष्मीबाईंची वेगळी चूल त्यांच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून पेटत राहिली.

क्षमा आणि न्याय

दुसऱ्या गैरसमजाचा विचार आता करता येईल. खानदेशच्या उत्तरेस, सातपुडा व नर्मदा ओलांडल्यावर लागणाऱ्या देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात सिस्टर राणी मारिया या धर्मभगिनी भूमिहीन व आदिवासी कुटुंबांना सावकारी पाशातून सोडवण्याचे कार्य करीत होत्या. हितसंबंध दुखावलेल्यांच्या चिथावणीवरून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून प्रवास करताना एका तरुणाने त्यांची हत्या केली. तो जन्मठेपेची शिक्षा भोगत असताना मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबीयांच्या संमतीने त्याची २००६ मध्ये सुटका झाली. पुढे त्याने केरळमध्ये जाऊन मारियांच्या आईवडिलांची भेट घेतली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे मारियांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले. ऋणाखाली दबलेल्यांना सोडवणाऱ्या स्त्रीच्या खुन्याचे ऋण तिच्याच घराने सोडले.

या घटनेतील क्रम महत्त्वाचा आहे. खटला चालला, अपराध सिद्ध झाला आणि शिक्षेची अनेक वर्षे भोगली गेली. क्षमेने न्यायालयाची जागा घेतली नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे पती ग्रॅहम व दोन लहान मुलगे जाळले गेल्यानंतर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्यांनीही आपली क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम यांत फरक केला होता. व्यक्ती आपला सूड सोडू शकते. समाजाच्या वतीने शिक्षा सोडण्याचा अधिकार तिचा नाही.

येथूनच आणखी एक निष्कर्ष निघतो. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला मात्र दोघे लागतात. लूकच्या १७व्या अध्यायात चुकणाऱ्या बंधूला आधी दटावण्यास आणि त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा करण्यास सांगितले आहे. दटावणे हा क्षमेच्या आड येणारा भाग नसून तिचाच पहिला टप्पा आहे. म्हणून मारहाण करणाऱ्या पतीला पत्नीने, किंवा पिळवणूक करणाऱ्या मालकाला मजुराने ‘क्षमा करून’ पूर्ववत नांदावे, हा सल्ला ख्रिस्ती शिकवणुकीच्या नावाने दिला जातो तेव्हा तिचा विपर्यास होतो. तेथे क्षमा मागितली जात नाही, दुर्बलाकडून ती वसूल केली जाते. सक्तीने सोडवून घेतलेल्या कर्जाला माफी म्हणता येत नाही.

समारोप

ख्रिस्ती जीवनातील क्षमा ही ऋणाच्या प्रतिमेतून पाहिल्यास तिचे तीन घटक स्पष्ट होतात. ऋण खरे असते, म्हणून अपराध नाकारून किंवा झाकून क्षमा होत नाही. ते सोडताना तोटा क्षमा करणाऱ्याने सोसावयाचा असतो, म्हणून क्षमा मागण्याचा हक्क अपराध्याला नाही आणि ती करण्याची सक्ती दुखावलेल्यावर नाही. पश्चात्ताप हे या ऋणाचे मोल नसून परत वळण्याची वाट आहे. ती वाट खरी आहे की नाही हे अश्रूंवरून नव्हे, तर जक्कयाप्रमाणे परत केलेल्या पैशावरून आणि पेत्राप्रमाणे बदललेल्या आयुष्यावरून ठरते.

महाविद्यालयीन अध्यापनात ‘स्मृतिचित्रे’ किंवा रमाबाईंचे लेखन शिकवताना धर्मांतराच्या वादापुढे जाऊन हा नैतिक विचार विद्यार्थ्यांपुढे ठेवता येण्याजोगा आहे. ज्या विद्यार्थ्याने सातबाऱ्यावरील बोजा आणि तो उतरल्यानंतरचा घरातील दिवस पाहिला आहे, त्याला ऋण सोडण्याचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. तो तोटा कोणी सोसला, हे विचारण्याची सवय मात्र लावावी लागते.